बांगड्या वाढवायचा दिवस

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की मला दोन नवरे आहेत. एक घरातला. तो रोज मीरा रोडहून अंधेरीला कंपनीत जायचा आणि येताना स्टेशनबाहेरून कोथिंबिरीची जुडी घेऊन यायचा. दुसरा टीव्हीवरचा. तो रोज संध्याकाळी पागोटं घालून घोड्यावर बसायचा आणि मी त्याला ओवाळायचे. तळमजल्यावरची गुजराती शेजारीण आमच्या ह्याला जिन्यात गाठून विचारायची, "भाईसाब, आज भाभी खाना किसको देगी, आपको या घोडेवाले को?" आमचा हा म्हणायचा, "पहले घोडेवाले को. उसको लड़ाई पे जाना है, मुझे तो सिर्फ अंधेरी." आणि वर येऊन माझ्यावर डाफरायचा, की तुझ्या त्या नवऱ्याला एकदाचा मारा, मला जिना चढू देत नाहीत लोक.

मालिका एका जुन्या ऐतिहासिक कादंबरीवरची होती. एके काळी मराठी घरांत लग्नात भेट द्यायची पद्धत होती, तसली जाडजूड. सेट घोडबंदरच्या बाजूला, खाडीलगतच्या मोकळ्या जागेत उभारला होता. प्लायवूडचा वाडा, प्लायवूडचा बुरूज, आणि उन्हात तापला की त्याला रंगाचा असा वास सुटायचा की डोकं उठायचं. मी एका सरदाराची बायको. सरदारीणबाई म्हटलं की भारी वाटतं, पण वर्षभर मी फक्त तबक धरून उभी होते. "यावं", "विडा घ्यावा", "स्वारी कधी परतायची", एवढीच माझी वाक्यं. तरी मी काम घेतलं, कारण कादंबरीत पुढे तो सरदार गडाखाली पडतो आणि मग एक अख्खं प्रकरण तिचं आहे. निवड झाली तेव्हाच डायरेक्टर म्हणाले होते, "बाई, तुमचं काम एका दिवसाचं आहे. तो दिवस यायला मात्र वर्ष लागेल." मी त्या एका दिवसावर डोळा ठेवून वर्षभर तबक धरलं.

त्या दिवसावर डोळा ठेवून असलेलं दुसरं माणूस आमच्या घरातच होतं. माझ्या सासूबाई.

आई रत्नागिरीकडच्या. शब्दांच्या बाबतीत भारी कडक. घरात तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. माझ्या हातून बांगडी फुटली तर "फुटली" हा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत त्या आतून ओरडायच्या, "वाढली म्हण गो, वाढली." वास्तू तथास्तु म्हणत असते, हे त्यांचं ठरलेलं. आणि ह्याच बाई पोटच्या पोराला उठता-बसता "मेल्या" म्हणायच्या. मेल्या जेवलास काय. मेल्या पंखा बंद कर. मेल्या, बायकोला एकेरी हाक मारू देतोस, तुला लाज नाय. लग्न होऊन आले तेव्हा मी न राहवून विचारलं, "आई, ह्याला नाही का वास्तू तथास्तु म्हणत?" तर म्हणाल्या, "वास्तू काय येडी हाय? तिला कळतंय, माया कुठली नि शाप कुठला."

त्यांचे यजमान गेले तेव्हा माझा नवरा प्राथमिक शाळेत होता. त्या दिवसाबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, लसूण सोलता सोलता. ओटीवर बसवलं, भावकीतल्या बायांनी दोन्ही हात धरले आणि वरवंट्याने बांगड्या वाढवल्या. "आवाज बारीक व्हता गो," एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, केवढा मोठा येईल." त्यानंतर त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात म्हणून लावला नाही. सणासुदीला मला कुंकू लावायची वेळ आली की करंडा ओट्यावरून माझ्याकडे सरकवायच्या आणि पाठ फिरवून गॅसवरच्या दुधाकडे बघत राहायच्या. गॅसवर दूध नसलं तरी. मला संताप यायचा. मी म्हणायचे, "आई, तुम्ही लावा की. कोण बघायला येतंय इथे चौथ्या मजल्यावर?" त्यावर एकच उत्तर, "नको, उगाच कशाला."

ती कादंबरी त्यांच्याकडे होती. त्यांच्या यजमानांनी लग्नात दिलेली प्रत. सरदारीणबाईंचं ते प्रकरण मात्र त्या वाचायच्या नाहीत. नवरा गेल्यावर त्यांनी ती पानं भाताच्या शितांनी एकमेकांना चिकटवून टाकली होती. तो जाड झालेला भाग पुस्तक हातात घेतलं की बोटांना लागायचा. संध्याकाळी मालिका लागली की त्या ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायच्या, गोष्ट कुठवर आली ते ताडून बघायच्या, आणि चिकटवलेली पानं जवळ येत चालली तसं त्यांचं बोलणं कमी होत गेलं. मला ते दिसत होतं, पण मी म्हटलं, बघू पुढचं पुढे.

गणपती होऊन गेले आणि नवऱ्याला ताप आला. आधी साधा वाटला. मग अंग ठणकायला लागलं, डोळे लाल, पोटावर बारीक पुरळ. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला आणि भाईंदर पश्चिमेच्या एका हॉस्पिटलात ठेवून घेतलं. त्या महिन्यात आमच्याकडे घरटी एक ताप होता, त्यामुळे आधी मी घाबरले नाही. पण त्याच्या प्लेटलेट उतरायला लागल्या आणि थांबेचनात. रोज सकाळी रक्त घ्यायचे, दुपारी रिपोर्ट यायचा. त्या मजल्यावर सगळे तापाचेच पेशंट, त्यामुळे नातेवाईक एकमेकांना "कसं आहे" असं विचारायचेच नाहीत. "वाढल्या का?" एवढंच विचारायचे. आई त्यांना प्लेटा म्हणायच्या. "वाढल्या काय गो प्लेटा?" रोज मी मान हलवायचे, नाही. पिशव्या चढवल्या, बिल्डिंगमधली पोरं येऊन रक्त देऊन गेली, तरी नाहीच. एका दुपारी त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून खाली गेल्या तर आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तयारीत राहा."

पण मला खरं भ्यायला झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. आईंनी त्याला "मेल्या" म्हणणं बंद केलं होतं. "बाळा" म्हणत होत्या. बाळा पाणी पी. बाळा, कूस बदलतोस? चाळिशीला आलेला माणूस तो. एकदा त्या हात धुवायला गेल्या तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजला, "डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांग. आई मला बाळा म्हणतेय." मी म्हटलं, काही नाही रे, दमल्यात त्या. त्याला ते पटलं नाही, आणि मलाही नाही.

त्यात डायरेक्टरांचा फोन. उद्या तो सीन. मालिका रोजची होती, हाताशी शिल्लक भाग नसायचा. आज काढलेलं परवा टीव्हीवर. माझ्या टीव्हीवरच्या नवऱ्याच्या तारखा संपत होत्या, त्याला उद्याच मारायला हवं होतं. मी परिस्थिती सांगितली. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, जमणार नसेल तर आत्ता सांगा. पाठमोरी दुसरी बाई उभी करतो, हात तिचे घेतो, तुमच्या तोंडाचा एखादा जुना शॉट लावून टाकतो." माझं डोकंच फिरलं. वर्षभर तबक धरलं माझ्या हातांनी, आणि बांगड्या वाढवायला हात दुसरीचे? मी म्हटलं, येते.

फोन मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये घेतला होता आणि आई बाकावर बसल्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या तू जायाचं नाय."

"आई, सकाळी जाऊन दुपारनंतर परत येते. तुम्ही आहात ना इथे."

"मी जागेचं म्हणत नाय. तू काय करायला चाललीस ता मला म्हाईत हाय. त्याच्या प्लेटा वाढू देत, मग खुशाल काय वाढवायचं ता वाढव."

"अहो, खोटं असतं ते सगळं. प्लायवूडचा वाडा, खोटा नवरा, खोटं मरण."

"बांगड्या खऱ्या ना? हात खरे ना?"

पण मी बोलले. गप्प बसले तर मी कसली. मी म्हटलं, "तुमचा देव एवढा अडाणी आहे का, की त्याला टीव्ही कळत नाही?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. आईंना राग आला नाही. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "माझ्या वेळेला मला सांगायला आले, तेव्हा मी पण हेच म्हटलं व्हतं. खोटं हाय म्हणून." आणि उठून आत गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. जाऊ नये असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून आणखी राग आला. शेवटी नवऱ्यालाच विचारलं. त्याला बोलायलाही त्रास होत होता. म्हणाला, "जा तू. एकदाचा मारून ये त्याला. वर्षभर जिन्यात ऐकून घेतलंय मी." आईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग त्याच भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, की उद्या दुपारी शेजारच्या पेशंटच्या बहिणीला जरा वेळ बसवून मी मोरव्याला गावदेवीला जाऊन येईन. माझ्याशी मात्र त्या नंतर बोलल्याच नाहीत.

सकाळी मी निघाले तेव्हा त्याचं रक्त नुकतंच नेलं होतं. मी त्याचा मोबाईल उशाशी ठेवला आणि बजावलं, रिपोर्ट आला की मला फोन कर, काहीही असो. "काहीही असो" असं म्हटलं आणि लगेच आईंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

सेटवर गेल्यावर माझ्या अंगावरचे डागदागिने काढले. मंगळसूत्र, हातातल्या दोन हिरव्या बांगड्या, कपाळाची टिकली, सगळं रुमालात बांधून पर्समध्ये. सरदारीणबाईंना त्यांचं स्वतःचं मंगळसूत्र, त्यांच्या बांगड्या, त्यांची कुंकवाची आडवी चिरी. पर्स आणि मोबाईल मेकअपवाल्या बाईकडे दिला आणि तिला म्हटलं, "ह्यावर लक्ष ठेव ग. वाजला तर मी शॉटमध्ये असले तरी हाक मार." ती हो म्हणाली, पण सेटवर मोबाईल वाजला तर तिचीच धडगत नव्हती, हे दोघींना ठाऊक होतं.

लुगडं नेसून बसले, आणि एक बाई टोपली घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. नया नगरमधली चुडीवाली आपा, सणावाराला आमच्याकडेही यायची. तिने माझा हात हातात घेतला आणि बांगड्या भरायला सुरुवात केली. आधीच्या होत्याच, त्यात आणखी. मनगटापासून वर वर. मला वाटलं, डायरेक्टरांची काहीतरी कल्पना असेल. आपा हात दाबत म्हणाली, "ढीला छोड़ बेटी, इतना अकड़ के क्यों बैठी है? किसकी शादी है?" मी म्हटलं, कुणाची नाही. "फिर इतनी चूड़ी?" असं म्हणत तिने शेवटची बांगडी चढवली, दोन्ही हात एकत्र धरले आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, "सुहाग बना रहे." मला एकदम रडू फुटलं. गेले कित्येक दिवस हॉस्पिटलात एक टिपूस काढलं नव्हतं, ते तिथे निघालं. मेकअपवाली कापूस घेऊन धावत आली.

डायरेक्टर आले आणि माझ्या हातांकडे बघतच राहिले. "हे काय? लग्न लावायचंय का हिचं?"

त्यांची असिस्टंट पुढे झाली. मराठीच मुलगी, मीरा रोडलाच वाढलेली, पण इंग्रजी शाळेतली. कामाला चोख होती बिचारी. तिने कागद पुढे केला. आमचे संवाद लिहिणारे गृहस्थ जुन्या वळणाचे, त्यांच्या लेखणीतून "फोडते" उतरणं शक्यच नव्हतं. ती वाचून दाखवू लागली, "सर, हे बघा ना. दूत निरोप सांगतो. बाई कुंकू पुसते आणि बांगड्या वाढवते. मी वाढवल्यात. दोन डझन जास्त घातल्यात."

लाइटवाल्यांपासून सगळे हसत सुटले. मीही हसले. एवढी हसले की उचकी लागली, आणि तेवढा वेळ सगळं विसरले. मुलीला कुणीतरी अर्थ समजावून सांगितला तशी ती पांढरीफटक पडली आणि मला सॉरी सॉरी म्हणत राहिली. आपाला मात्र हसू आलं नाही. बांगड्या कशासाठी भरल्या ते कळल्यावर ती टोपली आवरत म्हणाली, "तोड़ने के लिए पहनवाई? पहले बोलना था ना." आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. डायरेक्टर म्हणाले, "राहू देत आता. जास्त बांगड्या, जास्त आवाज. दणकून आपटा."

वर्षभर मी त्या सीनची तयारी केली होती. किंकाळी कुठून काढायची, कोसळायचं कसं, दगडी पायरीवर हात कसे आपटायचे. पायरीही प्लायवूडचीच, पण कडेला एक खरी शहाबादी फरशी लावली होती. शॉट सुरू झाला. दूताचं काम करणारा आला, वाकला, बोलला. आणि माझ्या मनात एकच गोष्ट, की रिपोर्ट आला असेल का. किंकाळी आलीच नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "खोटं आहे." कागदावर ते वाक्य नव्हतं. मग खाली बसले आणि हात फरशीवर ठेवून आपटले, जोरातही नाही. इतक्या बांगड्या, पण आवाज बारीकच आला. मग कुंकू पुसलं.

डायरेक्टरांनी "कट" म्हणायला वेळ लावला. मग नुसतं "झालं" म्हणाले. लोकांना तो भाग आवडला. आईंनी तो कधीच पाहिला नाही.

मनगटाला काचा लागून ओरखडे आले होते. मी तशीच मेकअपरूमकडे पळाले. मेकअपवालीने फोन पुढे केला. "वाजून गेला हो ताई, पण शॉट चालू होता." नवऱ्याचाच नंबर. मी लावला तर लागेना. पुन्हा लावला. शेवटी लागला. पलीकडे पंख्याची घरघर, आणि मग त्याचा बारीक आवाज. "वाढल्या." एवढंच म्हणाला. "किती? अरे, किती?" तर म्हणाला, "चांगल्या वाढल्या. डॉक्टर म्हणाले आता हलवायला नको. आई देवळात गेलीय, तिला अजून माहीत नाही."

मी खोबरेल तेलाने तोंड खरवडून काढलं, लुगडं फेडलं, सरदारीणबाईंचं मंगळसूत्र आणि उरल्यासुरल्या बांगड्या काढून ठेवल्या, पंजाबी ड्रेस अंगावर चढवला आणि पर्स काखेत मारून रिक्षात बसले. काशिमीऱ्याच्या नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, जल्दी करो, हॉस्पिटल है." त्याने आरशात माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता फुटपाथच्या कडेने रिक्षा घातली. एरवी हेच रिक्षावाले दहा गोष्टी सुनावतात. मला वाटलं, भला माणूस दिसतो.

हॉस्पिटलच्या गेटापाशी उतरते तर समोरून आई येत होत्या. शेअर रिक्षातून उतरून, हातात देवीच्या प्रसादाची पिशवी. चपला बाहेर कुठेतरी विसरल्या होत्या, अनवाणीच होत्या. कालपासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, पण मला दम कुठला. मी रस्त्यातूनच ओरडले, "आई, वाढल्या."

त्या थांबल्या. माझ्या कपाळाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे.

पिशवी त्यांच्या हातातून सुटली. नारळ घरंगळत वॉचमनच्या खुर्चीपाशी गेला. "कधी?" त्यांनी विचारलं.

"दुपारीच. मला आत्ता फोनवर कळलं."

त्या गेटाजवळच्या पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे खाली गेल्याच. "मी देवळात व्हते," त्या म्हणाल्या. "मी तिथं नव्हते गो. मी देवळात व्हते." मला वाटलं, आनंदाने पाय गळाले असतील. मी जवळ गेले, वाकले आणि, माझं तोंड जळो, म्हटलं, "बरं झालं ना आई. देवीनं ऐकलं तुमचं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे जे बघितलं, ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी माझे दोन्ही हात मनगटांपाशी धरले. घट्ट, ओरखड्यांवरच. त्यांच्या मुठीत माझी उघडी मनगटं मला दिसली, आणि मी काय ओरडत आले होते ते मला तेव्हा ऐकू आलं. कपाळ तेलाने पुसलेलं. गळा मोकळा. डोळे सुजलेले. बांगड्या, मंगळसूत्र, टिकली, सगळं पर्समध्ये रुमालात.

"आई, प्लेटा," मी म्हटलं. "प्लेटा. आई, प्लेटा वाढल्या. तो बरा आहे. त्याचाच फोन आला. मी शूटिंगवरून आले, आई, हे शूटिंगचं आहे." किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. त्या ऐकत होत्या, पण आत पोहोचत नव्हतं. मग पोहोचलं. त्यांनी माझा एक हात सोडला आणि भर रस्त्यात मला सणसणीत थोबाडीत दिली.

माझ्या आईनेही मला कधी मारलं नव्हतं. लागलं, पण राग आला नाही, आणि माझ्यासारखीला राग न येणं म्हणजे काय ते माझं मलाच माहीत.

मग त्यांनी पिशवी ओढून घेतली, आतली कागदाची पुडी काढली. गावदेवीचं कुंकू. घाईत पुडी फाटली, अर्धं पायरीवर सांडलं. उरलेल्यात त्यांनी अंगठा बुडवला आणि माझी हनुवटी धरून कपाळाला लावलं. लावलं कसलं, भांगापर्यंत ओढलं. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा, जणू मागचं पुसलं जाईल. इतक्या वर्षांत त्यांनी करंड्याला बोट लावलं नव्हतं, आणि आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी ते ध्यानात आणून दिलं नाही. वॉचमन नारळ हातात घेऊन आमच्याकडे बघत होता. आईंनी त्याच्याकडून नारळ घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चल वर. बांगड्या घाल आधी."

जिन्यात मी पर्समधून रुमाल सोडला. बांगड्या चढवल्या, मंगळसूत्र घातलं. टिकली लावायला कपाळावर जागाच नव्हती.

तो उशीला टेकून बसला होता. बऱ्याच दिवसांनी बसलेला दिसला. हातात पेजेची वाटी. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाला, "हे काय, होळी खेळून आलीस?" आईंनी खाटेजवळ जाऊन आधी त्याच्या पायाला हात लावून बघितला, मग कपाळाला, मग पुन्हा पायाला. तो मला म्हणाला, "काय ग, मेला का तो?"

"गेला," मी म्हटलं.

"बरं झालं. आता जिन्यात सांगायला मोकळा. एकच शिल्लक आहे म्हणावं, सांभाळून वापरा."

आई पाठमोऱ्या होऊन टेबलावर नारळ ठेवत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "गप पेज पी मेल्या. लई तोंड चालतंय."

त्याने वाटी खाली केली. माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ फुटलेले होते, हसताना दुखत असणार.

"ऐकलंस?" तो मला म्हणाला. "मी बरा झालो."